घरच्यासारखा

माकडाने नारळ पाडला आणि आम्ही बत्तीसच्या बत्तीस जणांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत माझ्याही दोन हातांचा वाटा होता, हे अगोदरच कबूल करतो. पुढे मी बरेच कडू लिहिणार आहे आणि हा गृहस्थ तेथे हाताची घडी घालून, नाक मुरडून बसला असेल असा वाचकांचा समज व्हायला नको. तिकीट मीही काढले होते. खेळ संपल्यावर त्याच माकडाला मांडीवर घेऊन फोटोही काढून घेतला, त्याचे वेगळे पैसे मोजून.

स्थळ थायलंडमधले सामुई बेट. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या लोकांना व्हिसा माफ केला आणि बेळगाव-कोल्हापूरकडची, एरवी अष्टविनायक करणारी नाहीतर फार तर काशीपर्यंत जाणारी मंडळीही बँकॉकच्या विमानात बसू लागली. आमचा ग्रुप त्यातलाच. माझ्यासारखे दोन-तीन निवृत्त मास्तर, काही बँकेतले, एक डॉक्टर दांपत्य आणि सावंतवाडीकडचे एक नारळ-सुपारीचे बागायतदार. सुरत ठाणी प्रांतातल्या डोनसाकच्या धक्क्यावरून फेरीबोटीने बेटावर उतरलो आणि आमच्यातल्या निम्म्यांना घर आठवले. जिकडे पाहावे तिकडे माड. तीच खारी हवा, झावळ्यांची तीच सळसळ. माझे आजोळ गोव्यात पेडण्याला. लहानपणीच्या सगळ्या मे महिन्यांवर माडांचीच सावली आहे. परदेशात आलो आहोत हे विसरायला झाले.

माकडांचा खेळ कार्यक्रमपत्रिकेत दुसऱ्या दिवशी होता. उघडा मंडप, लाकडी बाके, समोर मैदान. मैदानाच्या कडेला तीन माकडे आखूड साखळ्यांनी खुंटांना बांधलेली. आपल्याकडच्या केलड्यांचे हे भाऊबंद, पण अंगाने थोराड. शेपटी आखूड, डुकरासारखी वळलेली, म्हणून इंग्रजीत त्यांना पिगटेल मकाक म्हणतात. नर सहज दहा-बारा किलोंचा असतो. दाक्षिणात्य थायलंड आणि मलाया या पट्ट्यात नारळ पाडायला ही माकडे पिढ्यान् पिढ्या वापरली जात आहेत.

प्रथम त्यांनी शाळा दाखवली. काठीला टांगलेला नारळ, समोर लहान माकड. शिकवणारा मागून त्याचे हात धरतो आणि नारळ गरगर फिरवतो. पुन्हा फिरवतो. पुन्हा. देठ पिळवटला की फळ सुटते, हे त्या जिवाच्या ध्यानात येईपर्यंत हेच. मग मोठ्या माकडाची पाळी. गळ्यातल्या पट्ट्याला लांब दोर अडकवून त्याला माडावर सोडले. ते सरसर वर गेले, चुडतांत बसले, दोन हात आणि दोन पाय लावून नारळ फिरवू लागले. खाली धप्प आवाज आला आणि टाळ्या पडल्या. येथवर मी मनापासून रमलो होतो, हेही सांगतो. तेथे कसब होते. कसब कोणाचेही असो, बघत राहावेसे वाटते.

पण तेवढ्यावर प्रेक्षकाचे पैसे वसूल होत नाहीत असे मालकाला वाटत असावे. तेच माकड खाली आले आणि त्याला तीनचाकी सायकलवर बसवले. मग जाळीत चेंडू टाकणे, जोर काढणे, आणि शेवटी थाई पद्धतीने हात जोडून वाकणे. दर कामाच्या आधी दोराला एक बारीकसा हिसका. तो हिसका इतका सरावाचा होता की मालकाचे लक्ष आमच्याकडे असायचे आणि हात आपोआप चालायचा.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, ‘‘याला मारता का?’’ आमच्या टूर मॅनेजरने ते पुढे विचारले. मालकाने हसून माकडाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोडक्या इंग्रजीत काही सांगितले. मॅनेजरने मराठी केले :

‘‘नाही म्हणतो. घरच्यासारखा आहे म्हणतो.’’

बाईंचे समाधान झाले. सगळ्यांचेच झाले. मग फोटोची रांग लागली. माझ्या मांडीवर ते माकड बसले तेव्हा त्याने मोठी जांभई दिली. माकडाचा नर जांभई देतो तेव्हा त्याचे सुळे दिसतात. केलड्यांचे सुळे ज्याने जवळून पाहिले आहेत तो ते विसरत नाही. याच्या तोंडात सुळ्यांच्या जागी नुसत्या हिरड्या होत्या. तेवढ्यात फोटो निघाला.

बसमध्ये बसल्यावर बागायतदारांना कंठ फुटला. ‘‘सर, ही असली दोन माकडां माका दिली ना, तर पाडेल्याच्या पायां पडाची पाळी येवची नाय. माडाक शंभर रुपये मागतत, वर फोन उचलनत नाय. तीन-तीन महिने नारळ माडार सुकतत.’’ बस हसली. कोणी म्हणाले, सरकारने योजनाच काढावी. कोणी म्हणाले, माकडाला संघटना नको, बोनस नको. हाही विनोद चांगलाच पिकला.

माझा हा लेख त्या हसण्याविरुद्ध आहे. बागायतदारांची अडचण खोटी नाही. कोकणात आणि गोव्यात पाडेली मिळत नाही, हे रोजचे रडगाणे आहे. बाणवली जातीचा माड साठ-सत्तर फूट जातो, मालकाला चढता येत नाही, पाडप वेळेवर झाली नाही तर सुकलेला नारळ कोणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही. हे सगळे खरे. पण पाडेली मिळत का नाही, हे आपण कधी स्वतःला विचारले आहे का? मी विचारले नव्हते. त्या मालकाच्या एका शब्दाने विचारायला लावले, म्हणून मला बसमध्ये हसता आले नाही.

पेडण्याला आमच्या आजोळी एक पाडेली होता. नाव लिहीत नाही, त्याची नातवंडे आहेत. कंबरेला आकडी, आकडीत कोयता, पायांत दोराचा फास, एवढ्या सामानावर तो सकाळच्या प्रहरी तीस-चाळीस माड करायचा. मोबदला नारळांत, किती, ते आजोबा ठरवायचे. आमच्या घरात त्याच्याविषयी नेहमी एकच वाक्य बोलले जाई : ‘‘तो आमच्या घरचोच.’’ आता या घरच्या माणसाला चहा मिळायचा तो करवंटीत, खळ्याच्या कडेला बसून. उंबऱ्याच्या आत मी त्याला कधी पाहिले नाही. त्यात काही विपरीत आहे असे तेव्हा आम्हा मुलांना वाटत नसे. मोठ्यांना वाटत असेल तर ते बोलत नसत.

१९६८ च्या पावसाळ्यात चतुर्थीसाठी नारळ हवे होते. बुंधे शेवाळलेले. तो म्हणाला, दोन दिवस उघडीप पडू दे. मामा म्हणाले, सण थांबतो का? तो चढला आणि तिसऱ्या माडावरून पडला. मी दहा वर्षांचा होतो. पडल्याचा आवाज मी ऐकला आहे, आणि तो नारळ पडल्याच्या आवाजापेक्षा फारसा वेगळा नव्हता. कणा मोडला. माणूस जगला, पण पुढे चौदा वर्षे खाटेवर. आमच्या घरून काय गेले? एक पोते तांदूळ, दर चतुर्थीला धोतरजोडी, आणि ‘घरचा’ म्हणून पुष्कळ हळहळ. त्याच्या थोरल्या मुलाला माडावर चढायला बोलावले तेव्हा तो न सांगता वास्कोला बंदरात कामाला निघून गेला. आजी अखेरपर्यंत म्हणत होती, ‘‘कृतघ्न निघाला.’’ मीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो.

घरच्यासारखा! या शब्दाइतका स्वस्त शब्द आपल्या भाषेत दुसरा नसेल. मोलकरणीला, गड्याला, ड्रायव्हरला, पाडेल्याला आपण तो मुक्तहस्ते वाटतो. जो खरोखर घरचा असतो त्याला ‘सारखा’ लावावे लागत नाही. तो आजारी पडला तर आपण दागिना मोडतो. ‘सारखा’ म्हटले की हिशेब टळतो. मजुरी किती, सुट्टी किती, पडला तर काय, हे विचारणेच अप्रशस्त ठरते, कारण घरच्या माणसाशी कोणी असा व्यवहार करतो का? सामुईच्या त्या मालकाला मराठी येत नव्हते, पण ही युक्ती त्याला बरोबर ठाऊक होती. आणि आम्हा बत्तीस जणांना ती ताबडतोब पटली, कारण ती आमच्याच घरची होती.

तेथल्या सगळ्यांना मी एकाच मापाने मोजत नाही. सुरत ठाणीतच सोम्पोर्न सेखाव नावाचे गृहस्थ माकडांची शाळा चालवत. २००२ साली ते वारले. मारझोडीशिवाय, माकडाच्या कलाने घेऊन शिकवावे असा त्यांचा आग्रह होता, आणि त्या शाळेचे नाव देशोदेशी झाले. चार माड आणि एक माकड एवढ्यावर पोट चालवणारे गरीब शेतकरीही तेथे आहेत. माकड मेले तर ते खरोखर रडत असतील. नर माकड दिवसाला हजारच्या आसपास नारळ काढते असे तेथे सांगतात, आणि माणूस म्हणे जेमतेम ऐंशी. (आमच्या पाडेल्याने हा ऐंशीचा आकडा ऐकला असता तर कोयता ठेवून हसला असता.) पण मारझोड नाही म्हणजे सगळे आले का? ही माकडे बहुतेक रानातून पिल्लूपणी आणलेली, आईपासून तोडलेली. कळपात राहणारा हा प्राणी. त्याचे सगळे शहाणपण कळपात उपयोगी पडणारे. त्याला खुंटाला एकटे बांधले की पुढचा सगळा मऊपणा हा मालकाच्या स्वभावावर सोडलेला मामला होतो. बरा मालक मिळाला तर नशीब. आमचा पाडेलीही असाच नशिबावर होता.

युरोपवाल्यांची या प्रकरणातली तऱ्हाही सांगण्यासारखी आहे. जुलै २०२० मध्ये ‘पेटा’ या संस्थेने थायलंडमधल्या नारळमाकडांची चित्रफीत आणि अहवाल प्रसिद्ध केला. साखळ्या, पिंजरे, काढलेले सुळे, सगळे त्यात होते. वेटरोज, को-ऑप, बूट्स अशा ब्रिटनमधल्या दुकानांनी त्या नारळदुधाचे डबे फळ्यांवरून उतरवले. थायलंडच्या वाणिज्य मंत्र्यांनी लगोलग सांगितले की उद्योगासाठी माकडे वापरणे जवळजवळ संपले आहे, उरले आहे ते पर्यटकांपुरते. हे स्पष्टीकरण मी दोनदा वाचले. पर्यटकांपुरते! म्हणजे नारळासाठी माकड राबवणे लाजिरवाणे, पण आमच्यासारख्यांच्या करमणुकीसाठी राबवणे हा बचावाचा मुद्दा. आणि आमच्या मंडपात शेजारच्या बाकांवर गोरे पर्यटक भरपूर होते. घरी गेल्यावर ते डब्यावरचे लेबल वाचून नारळदूध घेत असतील.

इतिहासात जायचे तर साहेबाने स्वतःही ही माकडे वापरली. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानातले ई. जे. एच. कॉर्नर हे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. उंच झाडांच्या शेंड्यावरची पाने-फुले मिळेनात, तेव्हा त्यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस याच जातीची माकडे शिकवून नमुने गोळा करवले. काम उत्तम झाले. पुढे त्यांतल्याच एकाने कॉर्नरसाहेबांना असे फोडले की हात जायबंदी झाला. त्या माकडाला सुळे होते. सामुईच्या मालकाने कॉर्नर वाचला नसेल, पण सुळे का काढतात हे कळायला वाचावे लागत नाही. ‘घरच्यासारखा’ जो आहे त्याचे दात काढून ठेवण्याची गरज का पडावी, हा प्रश्न मात्र मला त्या फोटोच्या क्षणी सुचायला हवा होता.

पण साहेबाचे आणि थाई मालकाचे दोष काढून आपले पाप फिटत नाही. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १४ ऑक्टोबर १९९८ ला अधिसूचना निघाली : अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांचे खेळ करता येणार नाहीत. सर्कसवाले कोर्टात गेले, हरले. सर्वोच्च न्यायालयाने १ मे २००१ ला ती बंदी कायम केली. योग्यच झाले. मी तेव्हा शाळेत होतो. या बंदीच्या बाजूने मुलांच्या सह्या गोळा करून वर्तमानपत्राला पत्र पाठवणारा मास्तर मीच. माझ्या लहानपणी बेळगावात शनिवार खुटाकडून डमरू वाजला की आम्ही धावत सुटायचो. माकडवाला विचारायचा, सासरी कशी जाशील? आणि माकडीण फडके डोक्यावर घेऊन मान खाली घालायची. हे बंद झाले ते चांगले झाले.

पण तो माकडवाला कुठे गेला? कुंचीकोरवे, माकडवाले, दरवेशी अशी जी फिरस्ती माणसे ‘गावगाड्या’च्या कडेकडेने जगत आली, त्यांच्या हातातला दोर आपण काढून घेतला, त्या हातात दुसरे काय दिले? माझ्या पत्रात त्याच्याविषयी एक ओळ नव्हती. माकडासाठी सह्या केलेल्या त्या मुलांपैकी एकाच्याही मनात माणूस आला नाही, कारण मास्तरांच्याच मनात आला नव्हता. आणि पुढे पंचवीस वर्षांनी तोच मास्तर विमानाने जाऊन, रांगेत उभा राहून, बंदी घातलेला तोच खेळ पाहतो आणि टाळ्या वाजवतो! गल्लीतला फाटका माकडवाला चार आण्यांसाठी करायचा ते क्रौर्य; परदेशात मंडप घालून, तिकीट लावून, शेवटी शीतपेय देऊन केले की ती संस्कृती. फरक एवढाच की त्या दाराशी आलेल्या माणसाला हाकलता येत होते.

आता पुन्हा बागायतदारांकडे. माकडे आणायची म्हटली तरी आणता येणार नाहीत. १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो. पण कायदा नसता तर? गंमत अशी की हेच बागायतदार प्रवासभर आणखी एक तक्रार करत होते : केलड्यांनी आणि वानरांनी बागा धुळीला मिळवल्या, शहाळी फोडून टाकतात, सरकार गोळ्या घालू देत नाही. हा त्रासही खरा आहे, त्यात शेतकरी बुडतो आहे, आणि शहरात बसून त्याला दयेचे धडे देणाऱ्यांचा मला राग येतो. तरी ऐकताना वाटले, की आपला आक्षेप माकडाने नारळ पाडण्याला नाहीच. त्याने तो स्वतःसाठी पाडण्याला आहे. पाडेल्याने स्वतःचा दर स्वतः सांगितला तेव्हा आपण असेच चवताळलो होतो.

माडाला शंभर रुपये फार झाले म्हणतात. साठ फुटांवर, एका हाताने चुडत धरून, दुसऱ्या हाताने कोयता चालवण्याचे शंभर रुपये. सामुईच्या मंडपात एका खेळाला, बसल्या बाकावर, त्याच्या कितीतरी पट आम्ही प्रत्येकाने मोजले, आणि बागायतदारांनी घासाघीस केल्याचे मला आठवत नाही.

माणूस मिळण्याचे मार्ग आहेत. कोचीच्या नारळ विकास मंडळाने २०११ पासून माडावर चढण्याचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. पायाने चालवायचे शिडीसारखे यंत्र, काही दिवसांचे शिक्षण, चढणाऱ्याचा अपघात विमा. बायकाही ते शिकल्या. जातीवर ठरलेले काम शिक्षणावर आले, एवढ्यासाठीसुद्धा ही गोष्ट मला मोठी वाटते. पण ज्याने शिक्षण घेतले, ज्याचा विमा आहे, तो करवंटीत चहा पिणार नाही, आणि चतुर्थी आली म्हणून ओल्या बुंध्यावर चढणारही नाही. तो दर सांगेल, वेळ सांगेल, नाही म्हणेल. ‘फोन उचलत नाही’ ही जी तक्रार आहे ना, तिचा अर्थ एवढाच की आता त्याला नाही म्हणता येते. वास्कोला पळून गेलेल्या त्या मुलाला तोंडाने म्हणता आले नव्हते, म्हणून तो पळाला.

परत आल्यावर मी मामेभावाला फोन केला. विचारले, त्या पाडेल्याला आपण एकूण काय दिले याची कुठे नोंद आहे का? आजोबा हिशेबाचे पक्के होते. बैलाच्या पेंडीचीही वही होती. तो शोधून म्हणाला, ‘‘नाही रे. बैलाची आहे, त्याची नाही. तो घरचाच होता ना, त्याची वही कोण ठेवणार?’’

बागायतदारांना मी नारळ विकास मंडळाच्या त्या शिक्षणाची माहिती छापील कागदांसह पोस्टाने पाठवली, सोबत एक लांबलचक पत्र. पत्राला उत्तर आले नाही. दसऱ्याच्या सुमाराला ओळखीच्या एका माणसाबरोबर वीस नारळ मात्र आले, सोललेले, निवडक. कोणी पाडले हे त्यांनी कळवलेले नाही, आणि मी विचारणार आहे.